हातकाम करताना तुम्ही काय ऐकता? आणि खिडकीतून काय दिसतं?

सुईदोरा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा चर्चेचा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी क्रोशाच्या ऑर्डरी घेते. बाळाची दुपटी, टोपडी, तोरणं, रुखवताचं थोडंफार. चार वर्षं झाली. सुरुवातीला रात्री एकपर्यंत जागून विणायचे आणि कंटाळा म्हणून यायचा नाही. पण यंदा मार्चपासून काय झालं कोण जाणे, सुई हातात घेतली की जांभई. एकाच डिझाइनची अकरा टोपडी केली सलग, सगळी कुठलातरी स्क्रीनशॉट पाठवून "सेम टू सेम हवं" अशी. बारावं घेतलं आणि अर्ध्यात ठेवून दिलं ते दीड महिना पिशवीतच.

मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला तेव्हा लाइट गेले, फोन चार टक्क्यांवर, म्हणून सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर काढला. आकाशवाणीवर कोणीतरी गात होतं, नाव ऐकायच्या आत खरखर सुरू झाली, पण लेक शेजारी बसून मांडीवर बोटं आपटत होती, "ती ती ना, धी ना, धी ना". ती तबल्याच्या क्लासला जाते, दुसरं वर्ष. म्हणाली आई हा रूपक ताल आहे, सात मात्रा, तीन-दोन-दोन. माझ्या हातात सवयीने सुई होतीच, आणि माझ्याही नकळत मी तीन खांब (क्रोशाचे उभे टाके), दोन खांब, दोन खांब असं विणायला लागले. पंधरा मिनिटांनी बघते तर एक ओळ झालेली आणि जांभई नाही!

दुसरी गोष्ट म्हणजे खालच्या अंजिराच्या झाडावर शिंपी पक्ष्याने घर केलंय. दोन पानं जवळ आणून शिवलीयेत. मी सासऱ्यांची दुर्बीणसुद्धा काढली. पानाच्या कडेला चोचीने भोक पाडतो, त्यातून कापसाचा नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा तंतू ओवतो, आणि गाठबिठ काही मारत नाही हां, तंतूचं टोक बाहेर आलं की फुलतं आणि तिथेच अडकून बसतं. आम्ही टोकं लपवायला केवढा आटापिटा करतो, आणि हा बाहेरच ठेवतो आणि त्यावरच घर टिकतं!

तर आता ऑर्डरी बंद ठेवून एक शाल घेतलीय, स्वतःसाठी. बॉर्डर रूपकात. एका बाजूला १९६ टाके आहेत, सातने भाग जातो, २८ आवर्तनं, म्हणजे सात मात्रांचे फेरे. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला पंख्यासारखी मोठी नक्षी घातलीय, म्हणजे सम (ती पहिली मात्रा) उठून दिसेल.

तुम्ही सांगा, काय ऐकत काम करता, आणि बाहेरचं काय बघून काय केलंत? फोटोंचे झब्बू (उत्तरादाखल फोटो) चालतील.

टिटवी

मस्त धागा! मी विणताना क्रिकेटची कॉमेंट्री ऐकते, टेस्ट मॅचची. दिवा घ्या (हलकेच घ्या), पण खरंच सांगते स्वेटरला टेस्ट मॅचसारखं दुसरं काही नाही. वन डेला हात घाई करतात.

धाधिंधिंधा

सुईदोरा, शालीचा फोटो टाका आधी.

एक आगाऊपणा करू का? रूपकात समेवर टाळी नसते, 'खाली' असते, म्हणजे मोकळा हात. लेकीला विचारा, हातावर धरताना पहिल्या मात्रेला हात उलटा करायचा, टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. बाकीच्या बहुतेक तालांत समेवर दणकून टाळी पडते आणि हा पठ्ठ्या मोकळा हात करून सुरू होतो, म्हणूनच तो असा अधांतरी, झोक्यावर बसल्यासारखा वाटतो. तुम्ही नेमका तिथेच पंखा घातलात म्हणजे झोका जमिनीला बांधल्यासारखं झालं. मला क्रोशातलं ओ की ठो कळत नाही, पण पहिल्या मात्रेला भोक ठेवता येतं का?

सुईदोरा

अगंबाई! लेकीला विचारलं, ती म्हणाली "हो मग, मी तेच सांगत होते, तू ऐकत नव्हतीस".

भोक ठेवता येतं की. खालचा एक टाका सोडून एक साखळी घालायची, जाळी पडते. मग दोन खांब. चौथ्या मात्रेला टाळी म्हणजे दुहेरी खांब, तो उंच होतो, पाचवीला साधा, सहावीला पुन्हा दुहेरी, सातवीला साधा. आता अडीच बाजू उसवाव्या लागणार. तुम्हाला काय शिव्या घालू तेवढंच सांगा.

स्पष्टवक्ती

सगळं छान आहे पण थोडं थंड पाणी ओतते. हे संगीत-निसर्ग-आनंद वगैरे आपल्याला परवडतं कारण आपण हौशी. माझी आजी (इस्लामपूरजवळचं गाव) वाकळा शिवायची त्या घरात अकरा माणसं आणि थंडी म्हणून. जुनी लुगडी, धोतरं, फाटकी पोती आत, वरून धावदोरा. गाणं म्हणायची, पण कोणी विचारलं असतं की आजी तुला यातून प्रेरणा मिळते का, तर तिने सुई टोचली असती. दळताना ओव्या म्हणायच्या कारण पहाटे उठून पायली पायली दळायचं म्हणजे जीव जायचा, गाणं म्हटलं की हात चालायचा. बस.

पाणकणीस

स्पष्टवक्ती, अर्धं अनुमोदन. पण "बस" म्हणायच्या आधी त्या ओव्या ऐकाच एकदा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, आता त्या परीच्या (PARI, पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर आहेत, बऱ्याच बायकांच्या स्वतःच्या आवाजात. त्यात भाऊ, माहेर, विठ्ठल आहेतच, पण नवऱ्याच्या माराचं, सासूच्या जाचाचं, दुष्काळाचं, बाबासाहेबांचंही आहे. जे चारचौघांत बोलायची सोय नव्हती ते जात्यापाशी बोलून घेतलंय. त्याला आनंद म्हणायचं का ते माहीत नाही, पण नुसतं हात चालायला म्हणायचं तर "एक दोन तीन चार" पण चाललं असतं ना.

आणि तुमच्या आजीच्या वाकळेत ठिगळांचे रंग कसे लावलेत ते नीट बघा एकदा. थंडीला रंगाची काही पडलेली नसते.

स्पष्टवक्ती

हम्म. आहे एक वाकळ माझ्याकडे. बघून सांगते.

हेब्रिडीजवारी

मी स्कॉटलंडमध्ये असते, गेल्या मे महिन्यात हॅरिस बेटावर गेलो होतो, त्यावरून लिहायचा मोह होतोय. तिथलं हॅरिस ट्वीड प्रसिद्ध आहे. १९९३ चा कायदाच आहे की ते आउटर हेब्रिडीज बेटांवर (हॅरिस त्यातलंच), विणकराच्या घरात, हातमागावर विणलेलं असलं तरच त्याला ते नाव लावायचं. आम्ही ज्या घरी गेलो त्यांचा माग पायाने चालतो, सायकलसारखा. खटक-खटक आवाज, बाहेर वारा, आणि आजोबा रेडिओ मोठ्याने लावून बसलेले.

पण खरी गंमत पूर्वीची. कापड मागावरून उतरलं की ते ओलं करून लांब टेबलाभोवती दहा-बारा बायका बसायच्या आणि एका तालात आपटत-घासत फिरवायच्या, त्याने लोकर आटून घट्ट होते. आणि त्या तालाला गेलिक गाणी. एक बाई ओळ म्हणणार, बाकीच्या धृपद धरणार. किती वेळ झाला हे घड्याळावर मोजायचंच नाही, इतकी गाणी झाली की कापड तयार. एकदा म्हटलेलं गाणं त्याच बैठकीत पुन्हा म्हणायचं नाही, अपशकुन म्हणे. आणि कापड भिजवायला काय वापरायचे ते जेवताना वाचत असाल तर पुढे जा: शिळं मूत्र. तर स्पष्टवक्ती म्हणतात तसं तिथेही कष्ट झाकायलाच गाणं होतं बहुतेक, वासही.

रंग मात्र बघाच. खडकावरचं दगडफूल खरवडून त्यापासून तांबूस तपकिरी करायचे. ट्वीडचा तुकडा तिथल्याच माळावर ठेवला तर हरवेल, इतका तिथलाच रंग.

टिटवी

जेवतानाच वाचलं. धन्यवाद.

प्राजक्ताचे_देठ

रंगांचा विषय निघाला म्हणून मी पण घुसते. आमच्या अंगणात पारिजातक आहे आणि श्रावणात सडा पडतो. देवाला वाहून उरतील त्या फुलांचे केशरी देठ खुडून सावलीत वाळवायचे. कंटाळवाणं काम आहे, वाटीभर देठांना आठवडा जातो. सासूबाई आणि मी दोघी बसतो, त्या हरिपाठ म्हणतात, मला येत नाही पूर्ण, मी मध्येमध्ये धरते. मग सुती लडी तुरटीच्या पाण्यात उकळून घ्यायची, देठ वेगळे उकळून गाळायचे आणि त्या पाण्यात लडी मंद आचेवर. असा काही पिवळा-केशरी येतो ना, सांगता येत नाही, ताज्या फुलाचाच.

आणि आता वाईट बातमी. तो रंग टिकत नाही. उन्हात तर नाहीच. मी हौसेने त्याचा टेबलावरचा रुमाल विणला, खिडकीशी ठेवला, दिवाळीपर्यंत बिस्किटाच्या रंगाचा. हळदीचंही तेच. पक्का पिवळा हवा असेल तर डाळिंबाची साल किंवा झेंडू, दोन्हीला तुरटी हवी. काळा करायचा तर गूळ, पाणी आणि गंजके खिळे बरणीत दोन-तीन आठवडे आंबवत ठेवायचे आणि कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं. बरणी घरात ठेवू नका, आमच्याकडे पाहुण्यांनी विचारलं होतं की उंदीर मेलाय का.

तरी पारिजातक मी दरवर्षी करते. आता कपाटातच ठेवते, कागदात गुंडाळून. एका दुकानातून "नैसर्गिक रंगाचा" म्हणून महागडा दोरा घेतला होता, तो पहिल्या धुण्यात सगळ्या फडक्यांना गुलाबी करून गेला, त्यापेक्षा माझा विटलेला बरा.

गावंती

बेळगावहून लिहितेय. मी कशिदा करते, इरकलीवर. मला गाणं चालत नाही, निदान शब्द असलेलं तरी अजिबात नाही. आमच्याकडे छापा नसतो, कापडाचे धागे मोजून टाका घालायचा. गावंती टाक्यात तर जाताना एक सोडून एक टाका आणि येताना त्याच वाटेने मधल्या जागा भरत यायचं, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. एक धागा चुकला की परत येताना रस्ताच सापडत नाही, मोराची मान तुळशीवृंदावनात घुसते. एकदा मी नाट्यसंगीत लावून बसले, तबकडीबरोबर गात, आणि हत्तीला पाच पाय झाले. ते पातळ अजून आहे, मी नेसते, कोणाला कळत नाही.

म्हणून आता फक्त तानपुरा लावते, मोबाइलवर मिळतो तसा. मोजायच्या आड येत नाही, आणि शेजारच्या मिक्सरचा आवाजही जातो.

भोपळेवाला

गावंती ताई, तानपुऱ्याचं नाव काढलंत, मग मिरजकरांना गप्प बसवत नाही. आमच्या गल्लीत सतार-तंबोरे करणारी घरं आहेत (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, माहीत नसेल तर), आणि लहानपणापासून मी त्यांच्या दारात बसून अभ्यास केलाय. इथे प्रेरणा वगैरे शोधायला लागत नाही, निसर्गच टांगलेला असतो माळ्यावर. भोपळे! पंढरपूरकडनं येतात, खायचे नाहीत, कडू, मोठाले. वाळवून ठेवायचे. ऑर्डर आली की म्हातारे कारागीर एकेक भोपळा हातात फिरवून, टिचकी मारून बघणार. कुठल्या भोपळ्याचा नर तंबोरा होईल आणि कुठल्याचा मादी, म्हणजे पुरुषाच्या पट्टीचा आणि बाईच्या पट्टीचा, ते भोपळाच ठरवतो. वर तुनाचं लाकूड.

पण सांगायचंय ते जवारीबद्दल. घोडीचा (तारा जिच्यावरून जातात तिचा) माथा कानशीने घासून घासून असा करायचा की तार तिच्यावर टेकते-न-टेकते. मोजायला काही यंत्र नाही. दोनदा कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवायचा, त्याला जीवा म्हणतात. साधा दोरा, तुमच्याच शिवणाच्या डब्यातला म्हणा ना. तो केसभर पुढे सरकला की तार मुकी, केसभर मागे आला की कर्कश, आणि मधे एका जागी एकदम मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज भरून येतो. मी दहावीत असताना पहिल्यांदा माझ्या हाताने ती जागा सापडली. बीजगणितात नापास झालो त्या वर्षी, त्याचं कारण घरी वेगळं सांगितलंय.

धाधिंधिंधा

भोपळेवाला, याचा वेगळा धागा काढा हो. विनंती नाही, आज्ञा समजा.

कातळफूल

मी साताऱ्याची. कासला जाऊन रंग शोधायचे असतील तर सप्टेंबर, पण एक विनंती, फूल तोडू नका आणि फोटोसाठी आत शिरू नका. लाल जांभ्यावर वीतभर पण माती नसते, त्यावर हे सगळं उभं असतं.

मी पिशव्यांवर भरतकाम करते. पूर्वी दुकानात जाऊन दोऱ्यांच्या लडी शेजारी शेजारी ठेवून रंग ठरवायचे आणि नेहमी तेच ठरायचे, राणी, मोरपिशी, आंबा पिवळा. मग एकदा कासला गेले आणि नुसती एका जागी दगडावर बसून राहिले, कुठलं फूल कशाशेजारी उगवतं एवढंच बघत. 'सीतेची आसवं' या फुलांचा निळसर जांभळा आणि त्यात गेंद या फुलांचे पांढरे गोल ठिपके, आणि खाली ओल्या जांभ्याचा तो काळपट तांबडा. हा तांबडा मी कधीच घेतला नसता, दुकानात तो मळका दिसतो. पण त्याच्याशिवाय जांभळा नुसता शाईसारखा वाटतो. आता माझ्या सगळ्या पिशव्यांचं कापड त्याच रंगाचं आणि गिऱ्हाइकं म्हणतात "ताई जरा फ्रेश कलर नाही का". नाही.

डोंगरपाडा

डहाणू तालुक्यात शिक्षक आहे. वारली चित्रांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही, की आता चहाचे मग, कुशन, पोळपाट सगळ्यांवर छापून झाल्यामुळे कंटाळा आलाय?

लग्नाचा चौक भिंतीवर सुवासिनी काढतात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मधे पालघाट देवी. आणि धवलेरी (लग्न लावणारी बाई) तिथे गाणी म्हणत असते, ती गाण्यातून देवांना बोलावते. गाणं आणि चित्र एकच काम आहे, एकातून दुसऱ्याला "प्रेरणा" मिळत नाही. तारप्याचा नाच पण बघा, मधे वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोगलगायीसारखी वळत गेलेली माणसांची साखळी. तारपा म्हणजे पुन्हा भोपळाच, भोपळेवाले भाऊ! दुधी, बांबू आणि ताडाचं पान. नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. पण कुशनवर तारपा उलटा छापतात आणि नाचणाऱ्यांची तोंडं बाहेर, ते बघून आमची पोरं हसतात. सर, हे लोक कोणाच्या लग्नाला आलेत?

टिटवी

माझ्याकडे तसं कुशन आहे. आत्ता बघून आले. तोंडं बाहेरच आहेत.

लोकरीचा_गुंडा

सुईदोरा, प्रॅक्टिकल प्रश्न. तालावर विणताना दोऱ्याचं टेन्शन (ताण) कसं सांभाळता? मी एकदा सतारीची द्रुत गत लावून स्वेटरची पाठ विणली, नंतर विलंबित लावून पुढची बाजू, आणि पाठ चांगली दोन बोटं अरुंद निघाली. लय वाढली की दोरा आवळला जातो. नवरा म्हणाला, छान झालाय, फक्त घट्ट आहे.

सुईदोरा

हो हो हो, अगदी हेच! मी आता एका बाजूला एकच रेकॉर्डिंग लावते आणि जलद लय आली की सुई खाली ठेवून फक्त ऐकते. तेवढ्यात चहा होतो.

स्पष्टवक्ती

आजीची वाकळ काढून बघितली. वर सगळी ठिगळं गडद, हिरवी, तपकिरी, एक जांभळं खणाचं. बरोब्बर मधे एक वीतभर तुकडा आहे गुलाबी-पांढऱ्या फुलांचा, आणि त्याच्याभोवती धावदोरा चौकोनात न जाता गोल गेलाय. बाकी सगळीकडे सरळ. आईला फोन केला, ती म्हणाली ते तिचं लहानपणीचं झबलं आहे. मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. बाकी माझं मत तेच आहे.

सुईदोरा

स्पष्टवक्ती, फोटो टाका ना, प्लीज.

माझं अपडेट: अडीच बाजू उसवल्या. दोन आठवडे गेले. आता पहिल्या मात्रेला जाळी आहे, आणि लांबून बघितलं तर बॉर्डर खरंच हलल्यासारखी वाटते, धाधिंधिंधा, तुमचं ऐकलं ते बरं झालं. आणि एक आपोआप जमलं, कोपऱ्यात वळायला एरवी जास्तीची साखळी घालून जागा करावी लागते. २८ आवर्तनं संपली की एकोणतिसाव्याची सम बरोबर कोपऱ्यावर येते, आणि तिथे जाळीच हवी असते! चारही कोपऱ्यांत. मी लेकीला ओरडून बोलावलं तर ती म्हणाली "आई, समेवर आलीस".

तिसऱ्या बाजूला एका ठिकाणी सहा मात्रांचं आवर्तन झालंय, कुकर वाजला तेव्हाचं असणार. उसवणार नाहीये. शिंपी पक्ष्याची पिल्लं परवा उडाली, पानं अजून शिवलेली आहेत, आता त्यात मुंग्या आहेत.

धाधिंधिंधा

सहा मात्रा म्हणजे दादरा झाला तिथे. चालतंय. फोटो?

सुईदोरा

लाइट गेलेत. उद्या टाकते.